पक्षाघातानंतर खुब्याचे हाड मोडल्यास : शस्त्रक्रिया आणि त्यानंतरची काळजी
वयोवृद्धांच्या कुटुंबीयांसाठी माहितीपत्रिका

घरातील एखाद्या वयोवृद्ध व्यक्तीला पूर्वी पक्षाघात झालेला असतो. औषधे आणि व्यायाम यांच्या आधाराने ती व्यक्ती हळूहळू हिंडू-फिरू लागते आणि एके दिवशी न्हाणीघरात किंवा उंबऱ्याशी पडून तिचे खुब्याचे हाड मोडते. अशा वेळी कुटुंबात सहसा एकच विचार बोलून दाखवला जातो : ‘आधीच पक्षाघात, त्यात हे वय, आता चिरफाड कशाला?’ या विचारामागे माया असते. तथापि, त्यापायी रुग्ण अंथरुणाला खिळून राहिला, तर मोडलेल्या हाडापेक्षा त्या अंथरुणापासूनच त्याच्या जिवाला अधिक धोका संभवतो.

अशा रुग्णाचे प्राण वाचणे कोणकोणत्या बाबींवर अवलंबून असते आणि त्यांपैकी कोणत्या बाबी कुटुंबाच्या व रुग्णालयाच्या हाती असतात, याची माहिती या पत्रिकेत दिली आहे. प्रत्येक रुग्णाबाबतचा अंतिम निर्णय त्याच्या डॉक्टरांशी विचारविनिमय करूनच घ्यावा.

१. पक्षाघात आणि मोडलेला खुबा यांचा संबंध

मेंदूचा रक्तपुरवठा खंडित झाल्याने किंवा मेंदूत रक्तस्राव झाल्याने पक्षाघात होतो. त्यानंतर शरीराची एक बाजू दुर्बळ होते, तोल सांभाळणे कठीण जाते, पाऊल जमिनीवर घासत पडते आणि काही रुग्णांना एका बाजूचे नीट दिसत नाही. या सर्व कारणांनी पडण्याचा धोका वाढतो.

दुसरे कारण हाडात दडलेले असते. हाड मजबूत राहण्यासाठी त्यावर शरीराचा भार पडावा लागतो. लुळ्या बाजूच्या पायावर भार कमी पडतो, त्यामुळे त्या बाजूचे हाड लवकर विरळ होते. घरातच बसून राहिल्याने सूर्यप्रकाश मिळत नाही आणि शरीरात ड जीवनसत्त्वाची कमतरता निर्माण होते. तोल गेला की रुग्ण बहुधा दुर्बळ बाजूवरच पडतो आणि त्याच बाजूचे हाड अधिक ठिसूळ झालेले असते. म्हणूनच पक्षाघातानंतर खुबा मोडतो तो बहुतांशी लुळ्या बाजूचा.

२. निदान चुकू देऊ नये

पडल्यानंतर पाय आखूड दिसणे, पाऊल बाहेरच्या बाजूस वळलेले असणे आणि उभे राहता न येणे, ही खुबा मोडल्याची ठळक लक्षणे होत. मात्र पक्षाघाताच्या रुग्णात ही लक्षणे नजरेतून सुटू शकतात. ज्याची वाचा गेली आहे, तो दुखणे सांगू शकत नाही. ज्याच्या एका बाजूची संवेदना मंदावली आहे, त्याला वेदना कमी जाणवते. पाय आधीपासूनच लुळा असल्याने ‘तो पूर्वीही हलत नव्हता’ असा समज होतो.

त्यामुळे पडल्यानंतर रुग्ण चालेनासा झाला, पाय हलवताच कण्हू लागला किंवा त्याचा चेहरा आक्रसला, तर क्ष-किरण तपासणी अवश्य करून घ्यावी. क्ष-किरणात काही न दिसूनही दुखणे कायम राहिल्यास सीटी किंवा एमआरआय तपासणीबाबत डॉक्टरांना विचारावे. पाय चोळणे, ओढून बसवणे किंवा मालिश करणे कटाक्षाने टाळावे.

आणखी एक प्रश्न त्याच वेळी विचारावा : रुग्ण पडला कशामुळे? नवा पक्षाघात, रक्तातील साखर एकाएकी कमी होणे, उभे राहताना रक्तदाब घसरणे किंवा हृदयाचे ठोके अनियमित होणे, यांपैकी एखादे कारण पडण्यामागे असू शकते. चेहरा वाकडा होणे, हात गळून पडणे किंवा बोलणे अडखळणे ही लक्षणे नव्याने दिसल्यास ती कोणत्या वेळी सुरू झाली हे लिहून ठेवावे व रुग्णालयात सांगावे. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या ४.५ तासांतच देता येते.

३. जिवाला धोका कशामुळे उत्पन्न होतो

विविध देशांतील नोंदींनुसार, खुबा मोडलेल्या वयोवृद्धांपैकी साधारणतः शेकडा २० ते ३० व्यक्ती वर्षभरात दगावतात. पक्षाघाताचा पूर्वेतिहास असल्यास हा धोका आणखी वाढतो. परंतु मृत्यूची कारणे पाहिली असता असे आढळते की, बहुसंख्य रुग्ण मोडलेल्या हाडामुळे दगावत नाहीत. न्यूमोनिया, हृदयविकार, नवा पक्षाघात, पायात तयार होऊन फुप्फुसात पोहोचणारी रक्ताची गुठळी, जंतुसंसर्ग आणि कुपोषण ही प्रमुख कारणे असतात. यांतील बरीचशी कारणे दीर्घकाळ निपचित पडून राहण्याने बळावतात.

काही बाबी बदलता येत नाहीत. वाढलेले वय, पुरुष असणे, पक्षाघाताची तीव्रता, हृदय, मूत्रपिंड वा फुप्फुसांचे जुने विकार, स्मृतिभ्रंश आणि हाड मोडण्यापूर्वीची चालण्याची क्षमता या त्या बाबी होत. पडण्यापूर्वी स्वतःच्या पायांनी चालणाऱ्या व्यक्तीच्या बरे होण्याची शक्यता आधीच अंथरुणास खिळलेल्या व्यक्तीपेक्षा अधिक असते. डॉक्टर या बाबींच्या आधारे धोक्याचा अंदाज बांधतात.

पुढील बाबींमध्ये मात्र काळजीपूर्वक प्रयत्नांनी फरक पडतो.

४. शस्त्रक्रियेची वेळ

पक्षाघात झालेल्यांनी शस्त्रक्रिया काही महिने पुढे ढकलावी, असे अनेकांनी ऐकलेले असते. हा सल्ला खरा आहे. मात्र तो पुढे ढकलता येण्याजोग्या शस्त्रक्रियांपुरता आहे. डेन्मार्कमधील राष्ट्रीय नोंदींवर आधारित २०१४ सालच्या अभ्यासात पक्षाघातानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत अशा नियोजित शस्त्रक्रियांचा धोका सर्वाधिक आढळला आणि सुमारे नऊ महिन्यांनंतर तो स्थिरावला. गुडघ्याचा सांधा बदलणे थांबू शकते. मोडलेला खुबा नऊ महिने थांबू शकत नाही. तितका काळ अंथरुणात काढणे हाच मोठा धोका ठरतो.

म्हणून रुग्णालयात दाखल झाल्यापासून शक्यतो २४ ते ४८ तासांत शस्त्रक्रिया व्हावी, असे मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले जाते. याचा अर्थ तासा-तासाचा हिशेब करून घाबरून जावे असा नाही. भारतासह १७ देशांतील २,९७० रुग्णांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. निदानानंतर सुमारे ६ तासांत शस्त्रक्रिया झालेल्या आणि सुमारे २४ तासांत झालेल्या रुग्णांच्या मृत्यूच्या प्रमाणात त्यात लक्षणीय फरक आढळला नाही. लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांत भ्रमावस्था मात्र कमी दिसली आणि ते लवकर उभे राहिले. यावरून काही तास तपासणीसाठी गेल्यास चिंता नसावी. कारणाशिवाय दिवसामागून दिवस जाऊ नयेत, हे ध्यानात घ्यावे.

छातीतील तीव्र संसर्ग, हृदयाचे कार्य ढासळणे, हृदयाचे ठोके बेसुमार वाढणे, रक्तातील क्षारांचे असंतुलन, तीव्र रक्तक्षय किंवा अगदी अलीकडचा पक्षाघात ही थांबण्याची रास्त कारणे होत. पक्षाघात काही दिवसांपूर्वीचाच असल्यास मेंदूविकारतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ व अस्थिशल्यचिकित्सक यांनी एकत्रितपणे निर्णय घेणे योग्य ठरते. विलंब होत असल्यास आपण नम्रपणे दोन प्रश्न विचारावेत : ‘शस्त्रक्रिया कोणत्या कारणासाठी थांबली आहे?’ आणि ‘ते कारण कधीपर्यंत दूर होईल?’

५. रक्त पातळ करणारी औषधे

पक्षाघाताच्या बहुतेक रुग्णांना अशी औषधे सुरू असतात. रुग्णालयात जाताना औषधांची पाकिटे, जुन्या चिठ्ठ्या आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली याची नोंद सोबत न्यावी.

- ॲस्पिरिन सुरू असल्यास शस्त्रक्रिया सहसा पुढे ढकलावी लागत नाही.
- क्लोपिडोग्रेल सुरू असल्यास मणक्यातून भूल देण्याबाबत भूलतज्ज्ञ वेगळा निर्णय घेऊ शकतात. परंतु केवळ त्या कारणाने अनेक दिवस थांबणे हितावह मानले जात नाही.
- वॉरफेरिन सुरू असल्यास रक्ततपासणी करून, के जीवनसत्त्व देऊन त्याचा प्रभाव उतरवता येतो.
- नव्या प्रकारच्या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असल्यास शेवटच्या मात्रेची वेळ आणि मूत्रपिंडाचे कार्य पाहून वेळ ठरवली जाते.

कोणतेही औषध घरच्या घरी बंद करू नये. तसेच शस्त्रक्रियेनंतर ही औषधे कोणत्या दिवशी पुन्हा सुरू करायची, हे लेखी घ्यावे. बंद केलेली गोळी पुन्हा सुरू करण्याचे राहून गेल्यास नव्या पक्षाघाताला वाट मोकळी होते.

६. भूल आणि शस्त्रक्रिया

‘पूर्ण भूल दिली तर रुग्ण शुद्धीवर येणार नाही’ अशी भीती अनेकांना वाटते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, १,६०० रुग्णांच्या अभ्यासात मणक्यातून दिलेली भूल व पूर्ण भूल यांची तुलना करण्यात आली. ६० दिवसांनंतर मृत्यू किंवा चालण्याची असमर्थता यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. भुलेच्या प्रकारापेक्षा शस्त्रक्रियेदरम्यान रक्तदाब फार खाली जाऊ न देणे पक्षाघाताच्या रुग्णासाठी महत्त्वाचे असते, कारण मेंदूचा रक्तपुरवठा त्यावर अवलंबून असतो. पूर्वी पक्षाघात झाल्याचे भूलतज्ज्ञांना स्पष्टपणे सांगावे.

हाड कोठे मोडले आहे यावर शस्त्रक्रियेचा प्रकार ठरतो. सांध्याच्या आत, मांडीच्या हाडाच्या मानेपाशी ते मोडून सरकले असल्यास बहुधा कृत्रिम गोळा बसवतात. त्याखाली मोडले असल्यास सळई किंवा स्क्रू बसवून हाड जोडतात. दोन्हींचा उद्देश एकच असतो : रुग्णाला शक्य तितक्या लवकर पायावर भार देता यावा.

७. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस

शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे काम संपले, असे समजू नये. पुढील काळजीवर रुग्णाचे भवितव्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

*गिळण्याची तपासणी.* पक्षाघातानंतर काही रुग्णांचे गिळणे बिघडलेले असते आणि अन्नाचा किंवा पाण्याचा अंश श्वासनलिकेत जातो. यातून न्यूमोनिया होतो. पाणी पिताना ठसका लागणे, आवाज ओलसर घोगरा होणे, लुळ्या बाजूच्या गालात घास साचून राहणे ही त्याची लक्षणे होत. काही रुग्णांत ठसकाही लागत नाही. म्हणून शस्त्रक्रियेनंतर तोंडावाटे काहीही देण्यापूर्वी गिळण्याची तपासणी झाली आहे का, हे परिचारिकेस विचारावे. रुग्णाला ताठ बसवूनच, लहान घास द्यावेत आणि जेवणानंतर निदान अर्धा तास बसते ठेवावे. झोपलेल्या रुग्णाच्या तोंडात मायेपोटी चमचा-चमचा पाणी घालू नये. दात व जीभ दिवसातून दोनदा स्वच्छ करावी. तोंडाच्या स्वच्छतेने न्यूमोनियाचा धोका कमी होतो.

*लवकर उभे करणे.* डॉक्टरांची हरकत नसल्यास दुसऱ्याच दिवशी रुग्णाला बसवावे व उभे करावे. लुळा हात धरून ओढू नये. खांदा निखळू शकतो. कमरेला आधार देऊन उठवावे. ज्यांचा एक हात चालत नाही, त्यांना दोन्ही हातांनी धरण्याचा वॉकर उपयोगी पडत नाही. चार पायांची काठी सबळ हातात द्यावी आणि आधार देणाऱ्याने दुर्बळ बाजूस उभे राहावे.

*वेदनाशमन.* दुखत असलेला रुग्ण खोकत नाही, खोल श्वास घेत नाही आणि हालचाल टाळतो. ज्यांना बोलता येत नाही, त्यांच्या चेहऱ्यावरून व कण्हण्यावरून वेदना ओळखून परिचारिकेस सांगावे.

*भ्रमावस्था.* शस्त्रक्रियेनंतर रुग्ण असंबद्ध बोलू लागतो किंवा अगदी गप्प, सुस्त होतो. याला वेड किंवा हट्टीपणा समजू नये. संसर्ग, बद्धकोष्ठता, लघवी तुंबणे, पाण्याची कमतरता, वेदना किंवा एखादे औषध हे त्याचे कारण असू शकते. चष्मा व श्रवणयंत्र लावावे, दिवसा उजेड ठेवावा, ओळखीच्या माणसाने जवळ बसून त्यांच्या मातृभाषेत बोलावे. परक्या प्रांतातील रुग्णालयात याची विशेष गरज असते.

*रक्ताच्या गुठळ्या, दाबजखमा आणि लघवीची नळी.* गुठळ्या टाळण्यासाठी इंजेक्शने किंवा गोळ्या काही आठवडे द्याव्या लागू शकतात. दर दोन तासांनी कूस बदलावी व टाच गादीला टेकू देऊ नये. लघवीची नळी गरज संपताच काढण्याविषयी विचारावे. ती राहिल्यास संसर्गाचा धोका वाढतो.

*आहार.* उपासमार झालेले शरीर जखम भरून काढू शकत नाही. मूत्रपिंडाचा विकार नसल्यास वयोवृद्ध आजारी व्यक्तीस शरीराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ५० किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे प्रमाण ६० ते ७५ ग्रॅम होते. केवळ पेज व चहा यांवर ते भागत नाही. घट्ट वरण, दही, पनीर, अंडी, मासे, सोयाबीन, सत्तू यांपैकी घरात जे चालते ते, गिळता येईल इतके मऊ करून, दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे.

८. घरी परतल्यावर : दुसरे हाड मोडू देऊ नये

खुबा मोडणे ही हाडे ठिसूळ झाल्याची खूण आहे. तरीही शस्त्रक्रियेनंतर ठिसूळपणावरील उपचार अनेकदा सुरूच होत नाहीत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, २,१२७ रुग्णांच्या अभ्यासात खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत झोलेड्रोनिक ॲसिडचे शिरेतून दिले जाणारे, वर्षातून एकदाचे इंजेक्शन सुरू करण्यात आले. नवीन अस्थिभंगाचे प्रमाण त्याने शेकडा ३५ ने व मृत्यूचे प्रमाण शेकडा २८ ने घटले. हे औषध सर्वांना देता येत नाही. आधी मूत्रपिंडाचे कार्य, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांची तपासणी करावी लागते. ‘हाडांच्या ठिसूळपणावर उपचार कधी सुरू करावयाचे?’ हा प्रश्न रुग्णालयातून घरी सोडतानाच विचारावा.

घरात पुढील व्यवस्था करावी :

- न्हाणीघर कोरडे ठेवावे. शौचालयात व न्हाणीघरात भिंतीला पक्की दांडी बसवावी.
- उकिडवे बसण्याऐवजी कमोड किंवा कमोडची खुर्ची वापरावी.
- सैल सतरंज्या, पायपुसणी व विजेच्या तारा वाटेतून काढाव्यात.
- रात्री अंथरुणापासून शौचालयापर्यंत मंद दिवा ठेवावा.
- गुळगुळीत चपलांऐवजी टाचेकडून बंद, न घसरणारी पादत्राणे द्यावीत. साडी, लुंगी किंवा धोतर घोट्याच्या वर ठेवावे.
- जिना चढताना सबळ पाय आधी आणि उतरताना दुर्बळ पाय आधी टाकावा.
- झोपेच्या गोळ्या व रक्तदाबाची औषधे यांचा आढावा डॉक्टरांकडून घ्यावा.
- फिजिओथेरपी जखम भरली म्हणून थांबवू नये. ती काही महिने चालू ठेवावी.

९. शस्त्रक्रिया न करण्याचा निर्णय

काही रुग्ण हाड मोडण्यापूर्वीच दीर्घकाळ अंथरुणास खिळलेले असतात किंवा त्यांचा इतर आजार अंतिम टप्प्यात असतो. अशा वेळी शस्त्रक्रियेने आयुष्य वाढेलच असे नाही. तरीही कूस बदलताना किंवा स्वच्छता करताना होणाऱ्या वेदना कमी व्हाव्यात, यासाठीही शस्त्रक्रिया सुचवली जाऊ शकते. कुटुंबाने ती न करण्याचे ठरवल्यास वेदनाशमन, दाबजखमा टाळणे आणि सन्मानाने शुश्रूषा हे उपचार तितक्याच तत्परतेने मिळाले पाहिजेत. रुग्णाला समजत असेल, तर निर्णयापूर्वी त्याची स्वतःची इच्छा विचारावी. वाचा गेलेली व्यक्तीही मान हलवून किंवा हात दाबून आपले मत सांगू शकते. केवळ वय किंवा पूर्वीचा पक्षाघात, एवढ्याच कारणावरून शस्त्रक्रिया नाकारली जाऊ नये.

१०. उपलब्ध सहाय्य

खर्चाच्या चिंतेने अनेक कुटुंबांचे मोलाचे दिवस वाया जातात. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा लाभ २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील नागरिकांना, उत्पन्न कितीही असले तरी, देण्यास सुरुवात झाली. त्यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड काढावे लागते. योजनेत प्रतिवर्षी प्रतिकुटुंब ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. आपल्या राज्यातील संलग्न रुग्णालयांची माहिती १४५५५ या क्रमांकावर मिळते. हे कार्ड आजारपणाची वाट न पाहता आधीच काढून ठेवावे.

२०१०-११ पासून राबवल्या जाणाऱ्या राष्ट्रीय वयोवृद्ध आरोग्य सेवा कार्यक्रमांतर्गत जिल्हा रुग्णालयांत वयोवृद्धांसाठी बाह्यरुग्ण सेवा, खाटा व फिजिओथेरपी यांची तरतूद आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय मदतवाहिनी १४५६७ या क्रमांकावर उपलब्ध आहे. आपत्कालीन मदतीसाठी ११२, तर बहुतेक राज्यांत रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक लावावा.

११. त्वरित रुग्णालय गाठावे, अशी लक्षणे

- चेहरा वाकडा होणे, हातापायातील नवी दुर्बळता, बोलणे अडखळणे
- धाप लागणे, छातीत दुखणे, खोकल्यातून रक्त पडणे
- ताप, वाढता खोकला, जेवताना वारंवार ठसका
- एका पोटरीला सूज व दुखणे
- जखमेतून पू किंवा वाढता लालसरपणा
- एकाएकी गोंधळलेली किंवा अतिशय सुस्त अवस्था
- शस्त्रक्रिया झालेला पाय अचानक आखूड होणे किंवा वळणे

पक्षाघात आणि वय यांना मागे वळवता येत नाही. शस्त्रक्रियेस विनाकारण होणारा विलंब, श्वासनलिकेत जाणारा घास, पुन्हा सुरू न झालेली गोळी, रिकामे ताट आणि न्हाणीघरातील ओली फरशी यांना मात्र रोखता येते. रुग्णाच्या उशाशी असणाऱ्या प्रत्येकाने ही पत्रिका वाचावी आणि डॉक्टरांच्या पुढील भेटीस जाताना सोबत न्यावी.